शाळेपुढची वाट : शिरढोण ते पुणें

पनवेलहून पेणच्या वाटेला लागलें कीं सुमारें तीन कोसांवर शिरढोण हें गांव आहे. तेथून कर्नाळा किल्ल्याचा उभा सुळका दिसतो. १८१८ सालीं कर्नल प्रॉथरनें हा किल्ला घेतला, आणि किल्ल्याच्या आश्रयानें राहणाऱ्या घरांचें जुनें जीवन एका ऋतूंत संपलें. फडक्यांचें घर त्यांतलेंच. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असें चरित्रकार सांगतात. किल्ला गेला, किल्लेदारी गेली, घराण्याचें नांव तेवढें राहिलें. आणि नांवावर पोट भरत नाहीं. अशा घरांत ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेवाचा जन्म झाला.

वासुदेव बळवंत म्हटलें कीं रामोश्यांचें बंड, सह्याद्रीचीं रानें आणि एडनचा तुरुंग हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. तो इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. परंतु त्या बंडाचा काळ उणापुरा सहा महिन्यांचा. त्याच्या आधींचीं अठरा-वीस वर्षें हा मनुष्य कारकून होता. चरित्रग्रंथ तीं वर्षें लगबगीनें ओलांडतात, कारण त्यांत घोडा नाहीं, तरवार नाहीं. तरी त्याच वर्षांत एका प्रश्नाचा इतिहास दडलेला आहे. शाळा संपली, आतां पुढें काय, हा तो प्रश्न. दहावी-बारावीच्या निकालानंतर घरोघरीं तो विचारला जातो आणि जणूं आजच नव्यानें निघाल्यासारखा विचारला जातो. शिरढोणच्या एका घरांत तो १८६० च्या सुमारास विचारला गेला होता, आणि त्याचें उत्तर दरमहा दहा रुपये असें आलें होतें.

त्या काळीं लिहित्या-वाचत्या घरांतल्या मुलापुढें कोणत्या वाटा होत्या? सर्वांत जुनी वाट बापाची. भिक्षुकाचा मुलगा संहिता म्हणे, कुळकर्ण्याचा मुलगा मोडी गिरवी, वाण्याचा मुलगा दुकानाच्या फळीवर बसून पावकी-निमकी पाठ करी. ह्या वाटेवर निवड नव्हती, म्हणून निवडीची काळजीही नव्हती. इंग्रजी अंमल स्थिरावला तसतशा मामलेदारांच्या, मुनसफांच्या, कलेक्टरांच्या कचेऱ्या वाढल्या, आणि मराठी शिकलेल्या मुलांचे डोळे तिकडे वळले. मात्र कचेरींत शिरावयाचें तें उमेदवारीच्या दारानें. उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. त्यानें रोज कचेरींत जाऊन बसावें, नकला कराव्या, दप्तरें बांधावीं, शिरस्तेदाराची मर्जी सांभाळावी, प्रसंगीं त्याच्या घरचा बाजारही आणावा. एखादा जुना कारकून रजेवर गेला, बडतर्फ झाला किंवा मेला, तर त्याच्या जागीं आपली वर्णी लागेल एवढ्या आशेवर महिने जात, कधीं वर्षें जात. तोंवर जेवावें कोठें, हें ज्याचें त्यानें पाहावयाचें. घरीं जमीन असेल, थोरला भाऊ मिळवता असेल, तर उमेदवारी पत्करतां येई. नसेल तर तें बिनपगारी बाकही त्याच्यासाठीं नव्हतें.

मराठी सहावी इयत्ता झालेल्यांसाठीं पब्लिक सर्व्हिसची परीक्षा असे. ती उतरली कीं तालुक्याच्या ठिकाणीं धाकटी नोकरी मिळण्याचा हक्क येई. ह्या परीक्षेची ओढ केवढी होती हें मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या आत्मवृत्तावरून कळतें. १८७५ सालीं परीक्षेचें केंद्र सातारा होतें. पावसाळ्याचे दिवस, कर्वे आपल्या सोबत्यांबरोबर मुरूडहून पायीं निघाले, भर पावसांत सह्याद्रि चढून शंभराहून अधिक मैलांची मजल मारून साताऱ्यास पोहोंचले. परीक्षा-समितीनें त्यांच्याकडे पाहिलें आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून परीक्षेस बसूं दिलें नाहीं. आल्या पावलीं तो मुलगा परत गेला. पुढें कोल्हापुरास तो ही परीक्षा पास झाला, तेविसाव्या वर्षीं मॅट्रिक झाला, १८८४ सालीं बी. ए. झाला आणि फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला, म्हणून ही हकीकत लिहिली गेली. जे साताऱ्याहून परत फिरले आणि पुन्हा गेलेच नाहींत, त्यांचें आत्मवृत्त कोण लिहिणार?

ह्या सर्वांहून नवी आणि भरभराटीची वाट इंग्रजीची. वासुदेव आठ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हां, १६ एप्रिल १८५३ रोजीं, मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. रेल्वेला स्टेशनमास्तर हवे होते, मालाच्या पावत्या लिहिणारे हवे होते, हिशेबनीस हवे होते, आणि ह्या सर्वांना थोडें तरी इंग्रजी यावयास हवें होतें. तारखातें, गोदी, व्यापारी पेढ्या, लष्कर, सगळीकडे हीच मागणी. दोन-तीन इयत्ता इंग्रजी शिकलेला मुलगा त्या काळीं उपाशी मरत नसे. उमेदवारी न करतां पहिल्या महिन्यापासून पगार, हें मराठी मुलुखाला नवल होतें.

ह्या वाटेच्या पुढच्या टोकाला कॉलेजें होतीं. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज वासुदेवाच्या जन्मवर्षींच, १८४५ सालीं, सुरू झालें. त्याच्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी होते. गोमंतकांतल्या मांद्र्याच्या गरीब घरांतला हा मुलगा मुंबईचा नामांकित डॉक्टर झाला. पुण्यास १८५४ त बांधकाम खात्याला माणसें तयार करून देण्यासाठीं इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. मुंबईस १८५५ त कायद्याचा वर्ग निघाला. १८५७ त मुंबई विश्वविद्यालयाचा कायदा झाला आणि १८५९ त मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. तीन वर्षांनीं, १८६२ त, पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. साऱ्या मुंबई इलाख्यांतून चार. त्यांना पाहावयास लोक जात असत म्हणतात, आणि तें खोटें वाटत नाहीं.

म्हणजे कागदावर पाहिलें तर १८६० च्या मुलाला वैद्यकी, कायदा, इंजिनिअरी, अध्यापन, सरकारी नोकरी, सर्व कांहीं खुलें होतें. त्यांतलें काय निवडावें हा प्रश्न मात्र फारच थोड्या घरांत उद्भवला. बाकीच्या घरांत त्याच्या आधींचा एक प्रश्न आडवा येई. मुलगा शिकेल तितकीं वर्षें मिळवणार नाहीं. तीं वर्षें त्याला कोणी पोसावयाचें? बुद्धि असून भागत नसे, थांबण्याची ऐपत लागे.

वासुदेवाचें शिक्षण कल्याणास सुरू झालें. मुलगा हुशार पण हूड. कुस्ती, घोडा, दांडपट्टा ह्यांत जीव अधिक. तरी तो मराठी शिकून इंग्रजीकडे वळला. इंग्रजीच्या पहिल्या इयत्ता झाल्या न झाल्या तोंच वडिलांनीं, बळवंतरावांनीं, सांगितलें कीं झालें एवढें शिक्षण पुरे. एका व्यापाऱ्याच्या दुकानांत दरमहा दहा रुपयांची जागा आहे, ती धरावी. चरित्रांत ही हकीकत येते ती वडिलांच्या आखूड दृष्टीचा नमुना म्हणून. पण बळवंतरावांना दोष देणें सोपें आहे. किल्लेदारीनंतरची ही दुसरी पिढी. जुनी मिळकत ओसरलेली, नवी अजून हातीं लागलेली नाहीं, मुलाचें लग्न त्या काळच्या चालीप्रमाणें लहानपणींच झालेलें. अशा बापाला दहा रुपये दरमहा हे दिसत होते, आणि मॅट्रिक, बी. ए. हे केवळ ऐकूं येत होते. शिरढोणांत राहून त्यानें मॅट्रिक झालेला मनुष्य कधीं पाहिला होता? १८५९ पूर्वीं तर तसा मनुष्य कोणीच पाहिला नव्हता.

मुलानें दुकान नाकारलें आणि मुंबई गांठली. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. दुकान नाकारणें म्हणजे शिक्षण पत्करणें नव्हे. मुंबईंत शिकावयाचें तर राहणें, जेवणें, फी, पुस्तकें. गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारीं ह्याच्या घरीं, मंगळवारीं त्याच्या घरीं, आणि ज्या वाराला घर मिळालें नाहीं त्या वारीं पाणी पिऊन निजत. पुण्यास माधुकरी मिळे. ती झोळी फिरवण्याची लाज गिळून कित्येकांनीं विद्या मिळवली, हें खरें. तसेंच ती सोय जातीनें मर्यादित होती, हेंही खरें. वासुदेवानें झोळी घेतली नाहीं. तो जी. आय. पी. रेल्वेंत वीस रुपयांवर लागला. वडिलांनीं सांगितलेल्या पगाराच्या हा दुप्पट; त्या मानानें त्याचा डाव जिंकलाच होता. नोकरी करून शिकत राहावें असा त्याचा बेत होता म्हणतात. तो बेत पार पडला नाहीं. दिवसभर पावत्या लिहिणाऱ्यासाठीं त्या काळीं रात्रीचें कॉलेज नव्हतें.

रानडे त्याच्याहून अवघे तीन वर्षांनीं मोठे. तेही लहान गांवांत, निफाडास, जन्मलेले. त्यांचेंही घर चाकरमान्याचें. पण वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरींत स्थिर होते, आणि १८५६ सालीं चौदा वर्षांच्या मुलाला मुंबईस एल्फिन्स्टनच्या शाळेंत पाठवून ते त्याची वाट पाहूं शकले. पुढें शिष्यवृत्त्या व दक्षिणा फंडांतली फेलोशिप मिळाली, आणि मुलाचा भार घरावरून उतरला. पहिलीं दोन-तीन वर्षें मात्र घरानेंच काढून दिलीं. रानड्यांच्या बुद्धीचें मोल ह्यानें कमी होत नाहीं. इतकेंच कीं ती बुद्धि वाढीस लागावी म्हणून जो अवधि लागतो, तो त्यांना मिळाला.

वासुदेवाचीं मुंबईंतलीं वर्षें विलक्षण होतीं. १८६१ त अमेरिकेंत यादवी माजली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर घेण्यासाठीं दलालांच्या पेढ्यांवर झुंबड उडाली. १८६५ त ती यादवी संपतांच हा मनोरा कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. अशा शहरांत वीस-पंचवीस रुपयांचा कारकून काय अनुभवत असेल, हें सांगावयास नको. भाव चढत होते आणि पगार चढत नव्हता. वासुदेव रेल्वेंतून ग्रँट मेडिकल कॉलेजच्या कचेरींत गेले. ज्या इमारतींत त्यांच्याच वयाचे तरुण डॉक्टर होत होते, तिथें ते कागद सांभाळीत होते. १८६३ त लष्कराच्या कमिसरिएट खात्याचे हिशेब तपासणाऱ्या कचेरींत त्यांना जागा मिळाली, आणि १८६५ त त्यांची पुण्यास बदली झाली.

कमिसरिएट म्हणजे फौजेला दाणागोटा, वैरण, बैल, गाड्या पुरवणारें खातें. पुढें ज्यानें स्वतः फौज उभारूं पाहिली, त्यानें इतकीं वर्षें इंग्रजांची फौज काय खाते आणि त्याला किती पैसे पडतात ह्याचे आंकडे तपासले. हा योगायोग चरित्रकारांच्या नजरेंतून निसटलेला दिसतो. त्यांच्या बंडाला सर्वांत अधिक नडली ती पैशाची चणचण, आणि ही चणचण किती नडेल हें त्यांच्याइतकें नेमकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

नोकरी पक्की होती, पगार वाढत होता. पुण्यांत बिऱ्हाड होतें. शिरढोणांत कोणी विचारलें असतें तर बळवंतरावांनीं मुलाचें चांगलें चाललें आहे असेंच सांगितलें असतें. तेवढ्यांत आई आजारी पडल्याचें वर्तमान आलें. वासुदेवांनीं रजा मागितली. वरिष्ठांनीं ती दिली नाहीं. शेवटीं ते तसेच निघाले आणि घरीं पोहोंचले तों सरस्वतीबाई गेल्या होत्या. वर्षश्राद्धासाठींही रजा मिळाली नाहीं, असें सांगतात. कारकुनीचा खरा करार काय असतो हें त्या दिवशीं त्यांना कळलें. पगार कामाचा मिळतो अशी समजूत असते. विकलेले असतात ते दिवस, आणि त्यांतला एकही दिवस आपल्या मर्जीनें परत घेतां येत नाहीं.

१८७१ च्या अखेरीस रानडे न्यायाधीश होऊन पुण्यास आले. सार्वजनिक सभा १८७० सालीं स्थापन झालीच होती. रानड्यांनीं देशी व्यापारावर व्याख्यानें दिलीं, देशाची संपत्ति कशी बाहेर चालली आहे हें आंकड्यांनीं सांगितलें. श्रोत्यांत वासुदेव बळवंत होते. शाळेच्या वयांत दोघांना मिळालेल्या दोन निरनिराळ्या उत्तरांचीं फळें त्या सभागृहांत समोरासमोर होतीं. व्यासपीठावर न्यायाधीश, खालीं कारकून. ऐकणाऱ्याला आंकडे समजावून द्यावे लागत नव्हते, कारण त्यांतल्याच कांहीं आंकड्यांवर तो रोज टिकमार्क करीत होता.

आणि ह्याच पुण्यांत अर्धवट शिकलेल्या ह्या कारकुनानें आणखी एक गोष्ट केली, जी बंडाच्या गर्दींत हरवली आहे. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत त्यांचें नांव घेतलें जातें. ह्याच संस्थेची पुढें महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली, आणि तिची शाळा पुणेकरांना भावे स्कूल म्हणून परिचित आहे. संस्था आपला आरंभ १८६० सालापासून मानते. त्या सालीं वासुदेव पंधरा वर्षांचे होते आणि पुण्यास अजून यावयाचे होते. तेव्हां त्यांचा हात लागला तो पुण्याच्या वास्तव्यांत, असें मानणें ओघानेंच येतें. सालाचा वाद बाजूस ठेवला तरी मुद्दा उरतोच. पुण्यांत त्या वेळीं इंग्रजी शिकावयाचें तर मुख्यतः सरकारी शाळा किंवा मिशनची शाळा. लोकांनीं चालवलेली, लोकांच्या ऐपतीला परवडणारी शाळा असावी, हें ज्याला पटलें तो मनुष्य स्वतः दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेपाशीं अडलेला होता. धाकट्या मुलांनीं आपल्यासारखें अडूं नये, हा विचार त्यांत नव्हता असें कोण म्हणेल? द्वितीय पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनीं घरीं लिहावयास-वाचावयास शिकवलें, असें चरित्रकार सांगतात.

पुढचा भाग थोडक्यांत सांगितला तरी पुरे. १८७६-७७ चा दुष्काळ पडला. माणसें अन्नावांचून मेलेलीं त्यांनीं पाहिलीं. नोकरी सुटली. शहरांतल्या शिकलेल्यांना हांक मारून पाहिली, शिकलेले आले नाहींत, रामोशी आले. फेब्रुवारी १८७९ त धामारी लुटली. मे महिन्यांत दौलतराव नाइकाच्या टोळीनें कोंकणांत उतरून पळस्पें लुटलें. हें गांव पनवेलहून शिरढोणला जातांना वाटेंतच लागतें. परततांना मेजर डॅनिअलच्या तुकडीनें नाइकाला गांठून मारलें. जुलैंत विजापूरकडच्या देवर नावडगी गांवीं वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्यांत खटला चालला तेव्हां गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बाजूनें उभे राहिले. काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. वय सदतीस.

ह्याच १८७९ सालांत पुण्यांत दुसरेंही कांहीं शिजत होतें. सरकारनें संशयानें रानड्यांना नाशिकहून धुळ्यास हलवलें आणि तेथें त्यांचीं पत्रें फोडलीं जाऊं लागलीं. त्याच वेळीं डेक्कन कॉलेजांतले दोन मित्र, टिळक आणि आगरकर, सरकारी नोकरी करावयाची नाहीं असें ठरवीत होते. आगरकरांनीं आईला लिहिलें कीं मुलाला मोठाल्या पगाराची नोकरी लागेल ही आशा तुम्ही सोडा. पोटापुरतें मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठीं खर्चावयाचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेची चाकरी सोडली, आणि १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. शिकून झाल्यावर काय, ह्या प्रश्नाचें मराठी माणसानें दिलेलें हें नवें उत्तर होतें आणि तें उत्तर देशभर गाजलें. पण बारकाईनें पाहिलें तर नोकरी नाकारण्यासाठींही आधीं पदवी हातांत लागते. ज्याला नोकरी मिळण्याजोगी आहे त्यानें ती नाकारली तर तो त्याग; शिरढोणच्या कारकुनानें नोकरी सोडली तर त्याला लोक आततायी म्हणाले. दोघांच्या मनांतली आग एकच होती.

हा झाला ज्यांना निदान विचारण्याची संधि मिळाली त्यांचा इतिहास. बाकीच्यांचें काय, हें १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें मांडलें. सरकार शेतकऱ्याच्या पैशानें वरिष्ठ शिक्षण चालवतें आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही धड मिळत नाहीं, असा त्यांच्या निवेदनाचा रोख. वार लावण्याची सोय, माधुकरीची सोय, नातलगाच्या घरीं राहण्याची सोय ह्या ज्या जुन्या उशा होत्या, त्यांवर डोकें टेकण्याचा हक्क फार थोड्या जातींना होता. मुलींना तर कोणतीच उशी नव्हती. कल्याणांत, म्हणजे वासुदेव जेथें अक्षरें शिकला त्याच गांवांत, वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ त अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, तें नवऱ्याच्या हट्टामुळें आणि परक्या देशांतल्या एका बाईच्या आधारामुळें. गांवांत, जिल्ह्यांत, इलाख्यांत त्यांच्यासाठीं दार नव्हतें.

ह्या कोंडीवर खरा इलाज सुचला तो शाळा काढणाऱ्यांना नव्हे, वसतिगृहें काढणाऱ्यांना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा एकेका समाजासाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. शाळा शहरांत असते आणि विद्यार्थी खेड्यांत असतो. मधलें अंतर मैलांचें नसून दोन वेळच्या जेवणाचें आहे, हें त्यांनीं ओळखलें. भीमराव आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिक झाले तेव्हां त्यांच्या घरींही शिरढोणासारखाच प्रसंग होता. पुढें काय आणि कशावर? सयाजीराव गायकवाडांनीं दरमहा पंचवीस रुपये दिले आणि ते १९१२ त बी. ए. झाले. पुढच्याच वर्षीं बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठांत गेले. त्याच्या बदल्यांत दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. दरमहा पंचवीस रुपये. रेल्वेनें वासुदेवाला वीस दिले होते, आणि ते त्याच्या दिवसांबद्दल दिले होते. हे पंचवीस त्याचे दिवस त्याच्याजवळच राहावेत म्हणून होते.

१९१९ त भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या तिच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, स्वतः दळण-स्वयंपाक करीत, शेतांत राबत आणि शिकत. मुलगा मिळवूं लागेपर्यंत त्याला पोसावयाचें कोणी, ह्या प्रश्नाला भाऊरावांनीं उत्तर दिलें कीं त्यानें स्वतःच, पण शिकणें न सोडतां. नोकरी करून शिकावें हा मुंबईंतल्या वीस रुपयांच्या कारकुनाचा फसलेला बेत तो हाच.

ह्याच रयत शिक्षण संस्थेनें १९७० सालीं पनवेलास कॉलेज काढलें. त्याला महात्मा फुल्यांचें नांव दिलें आहे. शिरढोणहून तें तीन कोसांवर. सकाळीं भाकरी बांधून निघालेला मुलगा किंवा मुलगी संध्याकाळीं घरीं परत येऊं शकते, आणि मंगळवारचें जेवण कोणाच्या घरीं, हें शोधावें लागत नाहीं.